पिराजीच्या विहिरीतली ट्यूब

मित्रांनो, रंग काळा, अंगावर ठिगळं आणि वय तुमच्यातल्या बऱ्याच जणांहून जास्त, अशी मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली एक जुनी ट्यूब आहे. बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूर गावच्या शिवारात, पिराजीच्या विहिरीवर माझा मुक्काम असतो. दुपारी ऊन तापलं की माझ्या अंगाला रबराचा वास सुटतो आणि मला गुंगी येते. झोप म्हणजे काय हे मला ठाऊक नाही. पण त्या वेळी सगळं संथ होतं आणि जुने दिवस पाण्यावरच्या उजेडासारखे हलायला लागतात. त्यातलेच काही तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे फार उकाडा होता, एवढंच आठवतं. मऊ, चिकट रबर तापवून, दाबून, साच्यात घालून त्यांनी मला गोल केलं. मग मोठा प्रवास करून मी बसवकल्याणच्या एका दुकानात आले आणि तिथून कोहिनूरच्या श्रीमंत नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये बसले. बसले म्हणजे टायरच्या आत गेले. तिथे मिट्ट काळोख. जग मला दिसत नसे, फक्त जाणवत असे. काळ्या रानात चाक हलकेच रुतायचं, लाल मुरमाच्या वाटेवर खडखडायचं, डांबरी रस्त्याला लागलं की नुसतं गुणगुणायचं. नांगरटीच्या दिवसांत चाकाला वजन यावं म्हणून माझ्या पोटात पाणी भरत. मग मी दिवसभर ते पाणी घेऊन फिरायची. आत ते डचमळायचं, आणि मला वाटायचं, बाहेर कुठेतरी असं खूप पाणी असेल आणि कधीतरी मी त्याच्या आत जाईन.

ट्रॅक्टर चालवायचा पिराजी. हात हलका, नजर जमिनीवर. श्रीमंत चाकावर थाप मारून म्हणायचा, "पिराजी, तुझ्या हातात गाडी हाय म्हणून चाकं टिकायलीत बघ." टायरच्या आत मलाही ती थाप ऐकू यायची आणि बरं वाटायचं.

पण बाभळीचे काटे कुणाला चुकलेत? वर्षं गेली, तशी ठिगळं वाढली. पंक्चर काढणारा नरसिंग मला दर वेळी खरवडायचा, चिकटवायचा, परत पाठवायचा. एक दिवस त्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "आता हिच्यात ठिगळाला जागा न्हाई." श्रीमंतानं नवी ट्यूब घेतली. मी दुकानामागच्या ढिगावर पडले.

तो काळ वाईट होता, मित्रांनो. पावसाचं पाणी माझ्या घड्यांत साचायचं, त्यात डास व्हायचे. शेळ्या येऊन माझ्यावर बसायच्या. माझ्या शेजारच्या दोन ट्यूबा होळीला कुणीतरी उचलून नेल्या. रात्री गावावर काळा धूर दिसला. मी दिवसभर आभाळाकडे बघत पडून राहायची आणि कुणीच मला काही विचारायचं नाही.

मग एके दिवशी पिराजी आला. तोवर त्यानं दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवणं सोडलं होतं आणि तो आपलं रान बघत होता. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप बांधायला त्याला रबराच्या पट्ट्या हव्या होत्या. नरसिंग म्हणाला, "घेऊन जा की, पडूनच हाय." पिराजीनं मला खांद्यावर टाकलं. आपल्याला कापायला नेतायत हे मला कळत होतं, तरी त्या खांद्यावरून जाताना मला घरी निघाल्यासारखं वाटत होतं.

अंगणात त्यानं मला पसरलं, विळा हातात घेतला, आणि तेवढ्यात त्याची लेक सायकलवरून फाटकात आली.

तिचं नाव प्रेरणा. बसवकल्याणच्या एका दवाखान्यात ती लोकांचं रक्त घेऊन तपासायची. पहाटे रानातल्या वाटेनं पळून यायची आणि मग सायकलवर बसून कामाला जायची. गावातली माणसं आधी हसायची, नंतर त्यांना सवय झाली. पळताना तिचे पाय जमिनीला टेकतायत की नाही असं वाटायचं.

"अप्पा, ती कापू नका!" ती सायकलवरूनच ओरडली. "मला पायजे ती."

"तुला ट्यूब कशाला?"

तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि एका दमात सांगून टाकलं. माघात बिदरजवळच्या तलावावर एक स्पर्धा होती. आधी पाऊण किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन लगेच वीस किलोमीटर सायकल चालवायची, आणि उतरून लगेच पाच किलोमीटर पळायचं. तिनं नाव दिलं होतं.

तिची आई सावित्रीबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली. "मधी च्या बी प्यायचा न्हाई?"

"मधी थांबायचंच न्हाई, माय."

पिराजीनं मात्र एकच शब्द धरून ठेवला होता. "पवायचं?"

"व्हय अप्पा. तेच येत न्हाई. म्हणून तर ट्यूब पायजे."

विळा त्यानं आढ्याला खोचून ठेवला आणि मोटारीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रेरणानं मला नरसिंगकडे नेलं. त्यानं एक शेवटचं ठिगळ लावलं आणि हवा भरून म्हणाला, "ट्रॅक्टरचं वजन हिला झेपायचं न्हाई, पर मान्साचं झेपंल." माझा वॉल्व्ह टोकदार होता, पोटाला टोचला असता, म्हणून सावित्रीबाईनं जुन्या लुगड्याचं फडकं त्याच्यावर गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधलं. कुणीतरी आपल्याला असं नीटनेटकं करावं, याची मला सवय राहिली नव्हती.

आणि मग, दसऱ्याच्या आसपास, विहीर काठोकाठ भरलेली असताना, मी पहिल्यांदा पाण्यात उतरले.

ते कसं सांगू तुम्हाला? इतकी वर्षं मी वजन उचलत होते. त्या दिवशी पाण्यानं मला उचललं. वर आभाळाचा एक गोल तुकडा होता, खाली हिरवा काळोख. लाल दगडांच्या भिंतीवर उजेडाची जाळी हलत होती. सुगरणींची घरटी काठावरच्या फांद्यांना लोंबत होती आणि वाऱ्यानं ती हलली की त्यांची पाण्यातली रूपंही हलायची. मी हळूहळू गोल फिरत राहिले. माझा आवाज नव्हता, वजन नव्हतं. मला वाटलं, आपण ट्यूब नाहीच. कुणाला तरी पडलेलं एक गोल स्वप्न आहोत.

प्रेरणाला मात्र त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तिनं मला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि तिची नखं माझ्या ठिगळांत रुतत होती. जी पोरगी चढावर सायकल हाणताना गाणं म्हणायची, ती गळ्यापर्यंत पाणी आलं की श्वास घ्यायला विसरायची.

तिला शिकवायला स्नेहा येई. स्नेहा त्याच दवाखान्यात परिचारिका होती, मांजरा नदीच्या काठावर वाढलेली, मासोळीसारखी पोहणारी. पण तिला फक्त रविवार मोकळा. ती म्हणायची, "प्रेरणा, पाणी तुला ढकलायला बसलेलं न्हाई. तू कामून त्याच्याशी भांडायलीस?"

"मी कुठं भांडायलेय? तेच नाकात शिरायलंय!"

प्रेरणाची खरी अडचण वेगळी होती. तिच्याकडे दिवसातली एकच वेळ होती, पहाटेची. कामावरून आल्यावर अंधार पडायचा, आणि घरचं काम असायचंच. तिन्ही गोष्टी रोज करणं शक्य नव्हतं. जोर कशावर द्यायचा? एका संध्याकाळी ती विहिरीच्या पायरीवर पाय बुडवून बसली आणि तिनं मंजुनाथला फोन लावला. हा मंजुनाथ बिदरच्या नौबाद भागातला, अशा बऱ्याच स्पर्धा केलेला. सायकलवाल्यांच्या एका फेरीत त्यांची ओळख झाली होती. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"नोडी अक्का," तो अर्ध्या कानडीत म्हणाला, "बघा, सोपं हाय. तिन्हीमधी जास्त वेळ कुठं जातोय? सायकलवर. सगळ्यात कमी पाण्यात. मग जोर कुठं द्यायचा? सायकलवर. तुमचं पळणं तर चांगलंच हाय. पाण्यातनं कसंबी बाहेर या, पुढं तुम्हाला कोण धरतंय?"

"कसंबी म्हंजे कसं, अण्णा?"

"अहो, होतंय ते."

तिला ते पटलं. आवडतं ते पटायला वेळ लागत नाही. सायकल तिला आवडायची, आणि पळणं तर तिचा जीव की प्राण. दुसऱ्या पहाटेपासून ती सायकल घेऊन हायवेला जाऊ लागली. मला तिनं विहिरीवरच्या लिंबाच्या फांदीला अडकवलं.

मी तिथे लटकत राहिले. पहाटे तिच्या सायकलच्या साखळीचा आवाज यायचा आणि तुरीच्या रानापलीकडे विरून जायचा. मला राग आला नाही. चाकाच्या आत मी जन्म काढला आहे. चाकाची ओढ मला कळते. फक्त रविवारी तेवढी स्नेहा मला खाली घ्यायची, आणि प्रेरणा थोडा वेळ पाण्यात घाबरून परत वर जायची. "माघापर्यंत व्हईल गं," ती म्हणायची. स्नेहा तिच्याकडे नुसती बघायची.

दिवाळी झाल्यावर मंजुनाथनं नवख्या लोकांसाठी त्याच तलावावर एक सराव ठेवला. जाताना स्नेहानं मला गावातल्या एका पिकअपच्या टपावर बांधून घेतलं. प्रेरणा लाजली. "लोक हसतील की."

"हसू दे," स्नेहा म्हणाली.

मित्रांनो, विहिरीला काठ असतो. कुठूनही हात लांब केला की दगड लागतो. तलावाला तसं काही नव्हतं. पाणी करडं होतं, वारा होता, पलीकडचा काठ धुक्यात बुडालेला. दहा-बारा जण एकदम पाण्यात शिरले. प्रेरणा थोडं अंतर बरी गेली. मग कुणाचा तरी पाय तिच्या खांद्याला लागला, एक लाट तोंडात गेली, आणि ती पाय टेकवायला गेली तर खाली काहीच नव्हतं. मी काठावरून तिचा चेहरा पाहिला. ती ओरडतही नव्हती. नुसते हात आपटत होती.

स्नेहानं मला उचललं आणि धावत पाण्यात उडी घेतली. मला पुढे ढकलत ती पोचली. प्रेरणाचा हात माझ्यावर पडला, मग दुसरा हात, मग तिचं कपाळ. ती थरथरत होती, आणि तिच्याबरोबर मीही.

काठावर टॉवेल गुंडाळून ती बराच वेळ बसून राहिली. समोर तिची सायकल उभी होती, पुसून लख्ख केलेली, चाकांत हवा भरलेली. बाकीचे एकेक करून बाहेर आले, आपापल्या सायकलींवर बसले आणि गेले. तिची सायकल उभीच राहिली.

मंजुनाथ तिच्याशेजारी येऊन बसला. "अक्का, मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. मला लहानपणापासनं पवता येतंय. म्हणून मला ते छोटं वाटलं."

"तुमचं काय चुकलं, अण्णा? मला बी तेच ऐकायचं होतं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "सायकल किती बी चांगली चालवली तरी काय उपयोग? तिच्यापतूर मी पोचलेच न्हाई."

घरी गोष्ट लपली नाही. संध्याकाळी अंगणात मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तिथेच सगळे बसले होते. पिराजीनं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सोड ते," तो म्हणाला. "नुसत्या पळायच्या शर्यती असतेत की. त्याच्यात जा. पाणी आपलं न्हाई."

"असं कामून म्हणायलाव, अप्पा?"

त्यानं भिंतीला पाठ टेकवली. मग बोलू लागला. "माझ्या मायला पवता येत नव्हतं. तिच्या मायला येत नव्हतं. कामून म्हायतीय? गावच्या विहिरीच्या पायऱ्या आपल्याला नव्हत्या. घागर घेऊन लांब उभं ऱ्हायचं. कुणी वरनं वतलं तर पाणी, न्हाई तर वाट बघायची. प्यायलाच असं मिळायचं, तर पान्यात उतरायला कोण शिकनार, पोरी? आपल्या अंगातच न्हाई ते."

दूर कुठेतरी मोटार चालू होती.

"आणि ही विहीर?" प्रेरणानं हळूच विचारलं. "ही तुम्हीच खंदली ना?"

"व्हय. मी आन माझ्या भावानं."

"मग हिच्या पायऱ्या कुणाच्या हायत?"

सावित्रीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आपल्याच हायत की. उतरायच्या तर उतरा." ती लेकीला म्हणाली की नवऱ्याला, ते मला आजही कळलेलं नाही.

त्या रात्री प्रेरणानं ठरवलं. पहाट पूर्ण पाण्याला द्यायची. सायकल कामावर जाण्या-येण्यापुरती होईल तेवढी पुरे. आणि पळणं? पळणं तिनं आठवड्यातून एकदाच ठेवलं. तुम्हाला ही साधी गोष्ट वाटेल. पण जे आपल्याला उत्तम येतं, ज्यात आपलं कौतुक होतं, ते बाजूला ठेवून जे मुळीच येत नाही त्याच्याकडे रोज जायचं, हे फार अवघड असतं. पहाटे विहिरीकडे येताना ती वाटेच्या वळणावर थांबायची. समोर पळायची वाट दवानं भिजून पडलेली असायची. क्षणभर तिचे पाय तिकडे वळायचे. मग ती पायऱ्या उतरायची.

स्नेहानं एक अट घातली होती. एकटीनं पाण्यात उतरायचं नाही. काठावर माणूस पाहिजेच. सावित्रीबाईला पहाटे धारा काढायच्या असायच्या. राहिला पिराजी. त्याला पोहता येत नव्हतं, म्हणून त्यानं एक लांब कासरा आणला, त्याचं एक टोक मला बांधलं आणि दुसरं आपल्या मनगटाला गुंडाळलं. पहिल्या दिवशी तो सगळ्यात वरच्या पायरीवर बसला, पाठमोरा. पाण्याकडे बघवत नव्हतं त्याला. मी मधे होते. एका बाजूनं लेक मला धरून होती, दुसऱ्या बाजूनं बाप. लेकीचे हात थंड होते आणि कासऱ्यातून बापाच्या मनगटाचा ठोका माझ्यापर्यंत यायचा.

थंडी वाढली. पहाटे विहिरीतून वाफ निघायची आणि त्या वाफेत तिघंही आम्ही विरघळून गेल्यासारखे दिसायचो. एक खंड्या समोरच्या कपारीत बसून आमच्याकडे बघायचा, मग निळी रेघ ओढल्यासारखा निघून जायचा. प्रेरणा आधी नुसतं तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायला शिकली. मग मला धरून पाय मारायला. मग एका हातानं मला धरून दुसरा हात पुढे टाकायला. पिराजी कधी पाठमोऱ्याचा सामोरा झाला, मला कळलं नाही. एक एक पायरी करत तो खालीही सरकत होता. "कासरा आखूड पडायलाय," असं तो म्हणायचा. कासरा तेवढाच होता.

आणि स्नेहानं एक युक्ती केली, जी मला आधी मुळीच आवडली नाही. दर रविवारी ती माझ्या वॉल्व्हवरचं फडकं सोडायची आणि थोडीशी हवा काढून टाकायची. प्रेरणाला सांगायची नाही. फुस्स असा बारीक आवाज व्हायचा आणि मी थोडी मऊ पडायची.

पहिल्यांदा मला अपमान वाटला. जिच्या पोटात गच्च हवा, तीच खरी ट्यूब, असं मी जन्मभर मानत आले होते. पण आठवडे गेले तसं माझ्या लक्षात आलं. मी जेवढी मऊ होत होते, तेवढे तिचे हात सैल होत होते. तिची नखं आता रुतत नव्हती. बोटं माझ्यावर नुसती ठेवलेली असायची, झोपेत कुणाच्या अंगावर हात असावा तशी.

मग एका पहाटे तीही उरली नाहीत.

ती उताणी झाली होती, कान पाण्यात, डोळे वरच्या गोल आभाळाकडे. मी वाऱ्यानं सरकत सरकत भिंतीला जाऊन लागले होते. ती विहिरीच्या मधोमध, एकटी, तरंगत होती. तिला ते माहीतच नव्हतं. पिराजीला दिसलं. तो उभा राहिला. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मनगटावरचा कासऱ्याचा वेढा सुटून पाण्यात पडला, तरी तो लेकीकडेच बघत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. विहिरीत एक पान पडलं, त्याची वर्तुळं तिच्यापर्यंत गेली, आणि तेव्हा तिनं मान वळवली.

"अप्पा," ती कुजबुजली, "ट्यूब कुठाय?"

"तिकडं हाय," पिराजी म्हणाला. "असू दे तिकडंच."

त्यानंतर मी नुसतीच सोबतीला असायची. ती विहिरीत गोल गोल फेऱ्या मारायची आणि रविवारी स्नेहा, मंजुनाथबरोबर तलावावर जायची. तिथे तिला पुन्हा भीती वाटायची, पण आता ती भीती वाटली की उताणी व्हायची, चार श्वास घ्यायची आणि पुढे निघायची.

स्पर्धेच्या दिवशी पिराजीनं मला खांद्यावर घेतलं. तलावात नावा होत्या, माणसं होती. माझी काही गरज नव्हती. "असू दे," तो म्हणाला. आम्ही दोघं काठावर उभे राहिलो. पाण्यात रंगीत टोप्या शिरल्या आणि सगळ्या सारख्याच दिसू लागल्या. पिराजीचा हात माझ्यावर घट्ट होता. एकेक जण बाहेर येऊ लागला. बरेच जण आले. काठावरची गर्दी सायकलींकडे सरकली. तरी ती नाही. मग फार मागे, एकटी, तिची पिवळी टोपी दिसली. मधे एकदा ती थांबली, उताणी झाली. पिराजीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा टोपी पुन्हा पुढे निघाली होती.

ती चिखलातून धडपडत बाहेर आली. तिच्यामागे दोन-तीनच जण राहिले असतील. आमच्याकडे बघून तिनं हातसुद्धा केला नाही; तशीच सायकलकडे पळाली. आणि मग, मित्रांनो, जी तिची होती ती वाट सुरू झाली. पुढचं आम्हाला दिसलं नाही. मंजुनाथनं नंतर सांगितलं की चढावर तिनं किती जणांना मागे टाकलं, आणि पळताना ती हसत होती. नंबर कितवा आला ते त्यानं सांगितलं होतं, पण पिराजीनं ऐकलं नसावं. तो तेव्हा फोनवर सावित्रीबाईला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "बाहेर आली गं. पान्यातनं बाहेर आली!"

परत आल्यावर माझ्यातली उरलीसुरली हवा काढली गेली आणि घडी करून मला पेंढ्यांच्या खोलीत ठेवलं गेलं. मी मनाशी म्हटलं, चला, आपलं काम झालं. एखाद्याला आपली गरज उरू नये यासाठीच आपण होतो, हे कळायला मला आयुष्य लागलं, पण कळलं. मी तशीच पडून राहिले आणि हिरव्या पाण्याची स्वप्नं बघू लागले.

चैत्रात एकदा दार उघडलं. पिराजी होता. त्यानं मला बाहेर काढलं, झटकलं, पंप लावला आणि हवा भरू लागला. एवढी हवा मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मी गच्च, गोल, टणक झाले.

विहिरीवर प्रेरणा आधीच पाण्यात होती. ती नुसती वाट बघत होती. सावित्रीबाई काठावर पदर तोंडाला लावून उभी होती. पिराजी एक एक पायरी उतरला. पाण्याला टेकलेल्या पायरीवर तो थांबला. त्या विहिरीचा दगड न् दगड त्याच्या हातचा होता. पण पहिला झरा फुटला त्या दिवशी तो घाईनं वर चढला होता, तो पुन्हा कधी त्या पाण्यात उतरला नव्हता.

"या, अप्पा," प्रेरणा म्हणाली. "मी धरलंय."

तो माझ्यात बसला. ट्रॅक्टरएवढं त्याचं वजन मला वाटलं, आणि पाण्यानं ते पिसासारखं उचललं. प्रेरणानं आम्हाला हलकेच मधोमध ओढून नेलं आणि हात सोडले. आम्ही गोल फिरू लागलो. लाल भिंती, लोंबती घरटी, वरचं आभाळ, सगळं सावकाश आमच्याभोवती फिरत होतं.

"कसं वाटायलंय?" वरून सावित्रीबाईनं विचारलं.

हात पाण्यात सोडून तो वर बघत होता.

"वरनं दिसती त्याच्यापेक्षा लई मोठी हाय गं आपली विहीर," तो म्हणाला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. माझ्यासारखी एखादी जुनी ट्यूब कुठे पडलेली दिसली तर तिला होळीत ढकलू नका. ठिगळ लावा, हवा भरा, वॉल्व्हवर फडकं बांधा. काठावर आपलं माणूस बसवल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आणि कुणी मोठं माणूस पहिल्यांदा, घाबरत घाबरत काही शिकायला येत असेल, तर त्याला हसू नका. त्याला तिथवर यायला किती पिढ्या लागल्या असतील ते तुम्हाला ठाऊक नसतं.

आता थांबते. ऊन कलायला लागलंय, आणि पिराजीनं सदरा काढून लिंबाच्या फांदीवर टाकलाय. आज तो एक हात सोडून बघणार आहे.